बाम्बो कासिन्जांचं न ऐकू गेलेलं वाक्य

जायलोसी कासिन्जा सव्वीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचत होते. त्यांतली अकरा वर्षं काचेच्या अलीकडे बसून त्यांचा आवाज हवेत सोडायचं काम माझ्याकडे होतं. माणूस बुटका, अंगावर कायम तोच तपकिरी कोट. बाजारात शेजारून गेले तरी कुणी वळून पाहिलं नसतं. पण उसिपा माशांच्या वाट्याचा भाव विचारायला तोंड उघडलं, की मासळीवाल्या बाया ओरडायच्या, "अगं बाई, बातम्या आल्या!" वयाचा मान म्हणून सगळे त्यांना बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणत, मीसुद्धा.

लोकांचा त्यांच्यावर जीव जडला तो राज्यघटनेमुळे. एका पक्षाची राजवट गेली, नवी घटना आली, पण ती इंग्रजीत. बाम्बोंनी ती आमच्या भाषेत आणली आणि रोज सकाळी एकेक कलम वाचून दाखवलं. 'पद रिक्त झाल्यास' याला आमच्या भाषेत शब्दच नव्हता. ते म्हणाले, "राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत कुणी उरलं नाही, तर उपराष्ट्राध्यक्ष तिच्यावर बसतील." देशभर ते वाक्य पसरलं. गुत्त्यात कुणी लघवीला उठला, की दुसरा त्याच्या बाकावर टेकून म्हणायचा, "खुर्चीत कुणी उरलं नाही!"

मग तो गुरुवार आला. शेतांत मका वाळायला लागला होता. राष्ट्राध्यक्ष कचेरीत कोसळले, त्यांना इस्पितळात नेलंय, एवढीच कुजबुज सकाळपासून होती. साडेबाराला बाम्बोंच्या बायकोचा, फालेसबाईंचा, कंट्रोल रूममध्ये फोन आला. बाईंची धाकटी बहीण एलुबी त्याच इस्पितळात परिचारिका होती.

बाम्बोंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "एस्नात, एलुबी म्हणते, आणलं तेव्हाच संपले होते. तरी तिला सलाईन लावायला लावलं."

"मेलेल्या माणसाला?"

"ती रडतेय. म्हणते, शीर सापडेना तर डॉक्टर मलाच रागावले."

तेवढ्यात संचालक साहेब कागद घेऊन आले. 'राष्ट्राध्यक्षांची प्रकृती स्थिर असून पुढील उपचारांसाठी त्यांना परदेशी नेण्यात येत आहे.'

"साहेब, हे खरंय?" बाम्बोंनी विचारलं.

"कासिन्जा, तुम्ही वाचणारे. लिहिणारे दुसरे आहेत."

"मी वेगळं ऐकलंय."

"मग कान धुऊन घ्या."

एकच्या बातम्यांत त्यांनी ते वाचलं. आवाज कुठे अडखळतो का, म्हणून मी डोळे मिटून ऐकत होते. कुठेही अडखळला नाही. सव्वीस वर्षांची सवय होती. लोकांनी त्याच आवाजावर विश्वास ठेवला.

दुपारभर फोन वाजत राहिला. सरोवराकाठच्या एका म्हाताऱ्या शाळामास्तरांनी विचारलं, "बाम्बो, तुम्ही म्हणालात म्हणून बायकांचं रडणं थांबवलंय. आहेत ना जिवंत?"

"कागदावर तसं आहे, मास्तर," बाम्बो म्हणाले. मास्तरांनी फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी दुसरा कागद आला. माहितीमंत्र्यांचा. उपराष्ट्राध्यक्षांचं राष्ट्राध्यक्षांशी वर्षभर बिनसलं होतं, त्यांना मंत्रिमंडळातून काढलं होतं. कागदात लिहिलं होतं की सरकारशी फारकत घेतल्यामुळे त्यांना पदभार घेता येणार नाही, मंत्रिमंडळ योग्य तो निर्णय घेईल.

"कलमात हे कुठेच नाही," बाम्बो म्हणाले. "भांडण झालं असो, बोलणं बंद असो, खुर्ची त्यांचीच. मीच वाचून दाखवलंय सगळ्या देशाला."

संचालक खुर्चीत बसले. त्यांची बगल घामाने भिजली होती. "मला ठाऊक नाही का हो? खाली गाडीत चौघं बसलेत. तुम्ही नाही वाचलं तर मी वाचीन. मी नाही वाचलं तर ते आणखी कुणाला तरी आणतील. आई-बाप गेलेली नातवंडं किती तुमच्या घरी?"

"पाच."

"मग?"

बाम्बोंनी कागद उचलला. त्या चौघांतला एक वर येऊन माझ्या मागे उभा राहिला. "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आवाज बंद करायचा. कळलं ना, ताई?"

बाम्बोंनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला आणि माइककडे सरकून म्हणाले, "आणि राज्यघटनेत मात्र..."

मी आवाज खाली ओढला. मागच्या माणसाने त्या क्षणी मला खूणही केली नव्हती. त्याने श्वास घेण्याआधीच माझा हात चालला होता. मी चर्चच्या गायकवृंदाची गाणी लावली. स्टुडिओतला लाल दिवा विझला, म्हणजे बाम्बोंना कळलं होतं. तरी त्यांचे ओठ हलत राहिले. अख्खं कलम म्हणून झाल्यावरच ते उठले.

शनिवारी सगळं आपोआप सुरळीत झालं. मृत्यू जाहीर झाला. सेनापती आणि न्यायमूर्ती घटनेच्या बाजूने उभे राहिले, दुपारी उपराष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. जे कलम सांगत होतं तेच झालं, आमच्याशिवाय झालं. रस्त्यात बायका नाचत होत्या. त्यातलाच एक घोळका आमच्या फाटकाशी आला. "कासिन्जा, बाहेर ये! खोटारड्या, मढं जिवंत करणाऱ्या!"

ज्या मंत्र्याने तो कागद लिहिला, तो आठवड्यात नव्या राष्ट्राध्यक्षांच्या पक्षात गेला. रेडिओच्या कारभाराची चौकशी करायला समिती बसली. मी आपण होऊन गेले आणि सांगितलं, की बाम्बोंनी कलम म्हटलं होतं.

समितीच्या बाईंनी टेप लावली. 'आणि राज्यघटनेत मात्र', मग गाणी.

"पुढे काय बोलले?"

"कलम."

"तुम्ही ऐकलंत?"

"ओठ पाहिले."

"आवाज कुणी बंद केला?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लिहून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली. बाम्बोंना काढून टाकलं, रेडिओच्या चाळीतली खोली महिन्यात रिकामी करायला लावली.

ते गावी गेले. आमच्याकडे मयताला कोण कुठून आलंय हे मोठ्याने पुकारायला कुणीतरी लागतं. पूर्वी सुट्टीत गेले की हे काम गावकरी हट्टाने त्यांनाच द्यायचे. परतल्यावर पहिल्याच मयताला ते उभे राहिले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "थांबा, पुरू नका! कासिन्जा म्हणतायत म्हणजे प्रकृती स्थिर असेल." मृताचे भाऊसुद्धा हसले. बाम्बो खाली बसले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

मी जाऊन आले त्यांच्याकडे, पुढच्या कापणीला. ओट्यावर बसून मका सोलत होते. मी माफी मागायची म्हणून वाटभर वाक्यं जुळवली होती.

"बाम्बो, त्या दिवशी माझा हात..."

"मागे उभा होता त्याने तुझं काय केलं असतं?"

"माहीत नाही. तेव्हा त्याने तोंडही उघडलं नव्हतं."

ते दाणे चाळत म्हणाले, "मी दोन दिवस वाचलंच ना, एस्नात. एक वाक्य तेवढं राहिलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फालेसबाईंनी मक्याच्या पिठाची न्सिमा वाढली, मी जेवले. निघताना त्या मला गाडीरस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "हल्ली बोलतच नाहीत गं. नातवंडांना बोलवायचं असलं तर टाळी वाजवतात."

मिनीबस आली. मी फालेसबाईंचा हात हातात घेतला, मग सोडून चढले.