शनिवारच्या कडा

धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. तिच्याकडे हेवा करण्यासारखं काय आहे, असं लातूरच्या आमच्या मंडळीतलं कुणीही विचारेल. माहेर बिलोलीकडचं, साधं. नवरा नायगावला मास्तर, शनिवारी येतो नि सोमवारी पहाटे जातो. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. माझी दोन्ही मुलं धडधाकट, नवरा घरात, चर्चच्या महिला मंडळाचा कारभार माझ्याकडे. तरी सकाळी तिच्या खोलीतून प्रार्थनेची कुजबुज ऐकू आली, की माझ्या पोटात दुखायचं. दार उघडून बाहेर यायची तेव्हा चेहरा कसा, तर भरपेट जेवून उठल्यासारखा. जिची कूस रिकामी ती तृप्त, आणि मी उपाशी. कुठल्या तोंडाने सांगणार हे?

भूक मारायला मी काय काय केलं! फिरायला येणाऱ्या बायकांबरोबर ध्यानाच्या वर्गाला गेले. डोळे मिटले की मला दुपारची भाजी दिसायची. मग कानात इयरफोन घालून मन शांत करणाऱ्या एका बाईंची भाषणं ऐकली. बाई गोड बोलायच्या, पण भाषण संपलं की कुकर तोच आणि मीही तीच. शेवटी चर्चच्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं. गाणाऱ्या बायकांच्या साड्या मी निवडायच्या, नाताळचा फराळ मी, उपासनेनंतरचा चहा मी. तुमच्याशिवाय पान हलत नाही, असं लोक म्हणायचे. ऐकायला बरं वाटायचं. घरी पोचेपर्यंत ते जिरून जायचं.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीने उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची भाकरही माझ्याकडेच. शनिवारी संध्याकाळी बेकरीतून ब्रेड आणायचा, कडा काढायच्या, आतल्या पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे करून झाकून ठेवायचे. कडा टाकवत नाहीत, म्हणून त्या मी चहात बुडवून खायची.

असाच एक प्रभुभोजनाचा रविवार. आत तुकड्यांचं तबक फिरत होतं आणि मी मागच्या पडवीत चहाच्या पातेल्यापाशी. सगळ्यांना मिळेपर्यंत तुकडा हातात धरून थांबायची आमच्याकडे पद्धत आहे. खिडकीतून धाकटी दिसली. तळहातावर तुकडा, गालांवर पाणी. अजून खाल्लाही नव्हता, तरी चेहरा तोच, जेवल्यासारखा. ब्रेड मी आणायचा, मी कापायचा, आणि पोट भरायचं हिचं! मी साखर अशी ओतली की निम्मी ओट्यावर सांडली.

तेवढ्यात तीच उठून माझ्याकडे आली. मूठ मिटलेली.

"आक्का, तुम्ही घेतलं न्हाई."

"मग चहा कोण बघणार?"

"लई दिवसापासून बघायलेय मी. तुम्ही कधीच घेत न्हाईत. शनवारी कडा खाता, ऐतवारी काहीच न्हाई."

मला झोंबलं. "तुझं बरं आहे," मी फटकारलं. "तुला बसल्या जागी मिळतं. तुझं भरलेलंच असतं."

ती रागावली नाही. "भरलेलं कुठलं, आक्का? दोन लेकरं गेली माझी. रोज सकाळी रिकामीच उठते. मागते, तवा येशू देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी, पुन्हा मागते."

मला वाटत होतं, हिच्याकडे कुठेतरी साठा आहे, आणि तो देवाने मला मुद्दाम दिला नाही. साठा नव्हताच. तीही माझ्याइतकीच उपाशी उठत होती, फक्त मागत होती. याचासुद्धा मला रागच आला.

"चला," ती म्हणाली. तबक शेवटच्या बाकाशी पोचलं होतं. मी पदराला हात पुसले, तबकातला एक तुकडा घेतला आणि तिच्या शेजारी बसले. पास्टरांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांबरोबर तुकडा तोंडात ठेवला. अंगावर काटा आला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. शेजारी हिचे गाल पुन्हा ओले झालेले पाहून पोटात दुखलंच. मग मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, "प्रभू, हिला देतोस ते मलाही दे. मला भूक लागली आहे."

मागे चहा उतू गेल्याचा वास आला. दोघी-तिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.