शेपटीवरचा झेंडा

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात अक्काचा फोन आला. "तुझे दाजी गेले गं," ती म्हणाली आणि थांबली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "जेवले, खुर्चीत बसले, डोळा लागला... मी चहाला उठवाया गेले तर उठलेच नाय." मी रिक्षानं क्रांती चौकातल्या तिच्या घराकडे निघाले तेव्हा रस्ता रोजच्यासारखाच तुंबलेला होता. मला रडू येत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. हवं ते मनाजोगतं करून गेलेलं माणूस होतं ते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पिशोर गावचे, घरी शेती. शिकून इंजिनिअर झाले आणि सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात केली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, दाजींनी जुन्या विमानांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. जुळणी त्यांना सोपी वाटायची. खरा जीव अडकायचा तो पंखांवरच्या गोल खुणांत आणि शेपटीवरच्या झेंड्याच्या पट्ट्यांत. "विमान तेच असतं गं," ते मला सांगायचे, "पण कुणाचं, कुठल्या काळातलं, हे झेंडा सांगतो. तो चुकला म्हणजे दुसऱ्याच्याच घरात शिरल्यासारखं झालं." एका हिरव्या पट्टीची छटा ठरवायला त्यांना आठवडा लागायचा. अक्का वैतागायची, पण पाहुणे आले की त्यांना आधी दाजींच्या खोलीत न्यायची.

सुमनबाई अशाच आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सकाळी फिरायला जाताना अक्काची ओळख झालेली. विमानं त्यांनी वाकून एकेक करून पाहिली. दुसऱ्या दिवशी परत आल्या त्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर घेऊन. काचेमागं जुना, काळा-पांढरा फोटो. एक सडपातळ तरुण विमानाला टेकून उभा होता, हातात रंगाचा डबा. ते त्यांचे वडील. महायुद्धाच्या काळात हवाई दलात रंगारी म्हणून लागले आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी गावी परतले.

"बाबा म्हणायचे, मी माझ्या हातानं इमानावर अशोकचक्र काढलं," सुमनबाई म्हणाल्या. "मरेपर्यंत सांगायचे, बघा. धम्मदीक्षा घेतल्यावर तर लईच अभिमानानं. पण माझे भाऊ हसायचे. म्हणायचे, इमानावर तिरंगी गोल असतो, चक्र कुठून आलं? शेवटी बाबांनी सांगायचंच सोडून दिलं." त्यांना त्या विमानाची प्रतिकृती हवी होती. चक्रासकट.

दाजींनी तसबीर खिडकीपाशी नेली, भिंगातून पाहिली. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ आपल्या विमानांवर खरंच चक्र होतं, तिरंगी गोल त्यानंतर आला, हे त्यांना माहीत होतं. तसं त्यांनी सांगितलंही. सुमनबाईंचा चेहरा उजळला. पण दाजी पुढं म्हणाले, "ते याच विमानावर होतं का, हे मात्र या फोटोत दिसत नाही. नुसती फिकट चकती दिसतेय. युद्धातल्या विमानावरचा गडद आणि फिकट अशा दोन निळ्यांचा गोलही असाच दिसेल."

"तुम्ही काढा की चक्र. कोण तपासाया येतंय?"

"मी मनानं काढलं तर ते माझं चक्र होईल, ताई. तुमच्या वडलांचं नाही होणार."

त्या तसबीर तिथंच ठेवून गेल्या. अक्कानं मात्र दाजींना सोडलं नाही. "एका बाईचं मन राखाया एवढंसं चक्र निघंना व्हय तुमच्याच्यानं?" त्या दिवशी दाजी जेवले कमी.

पुढं कितीतरी दिवस ती तसबीर त्यांच्या टेबलावर होती. मी गेले की मला समोर बसवून समजावायचे. इंग्रजांच्या नेहमीच्या गोलाच्या मध्यभागी लाल ठिपका असायचा, आणि त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग काळपट उमटायचा. आपल्या तिरंगी गोलाचा हिरवा मध्यही गडदच दिसतो. इथं मध्य फिका आहे, म्हणजे ते दोन्ही गोल नाहीत. उरले दोनच... युद्धातला दोन निळ्यांचा किंवा चक्राचा. आता शेपटी दिसली तरच उलगडा. युद्धातल्या शेपटीवर दोन निळ्या पट्ट्या, चक्राच्या वेळी तिरंग्याच्या तीन. "आणि शेपटी नेमकी या पुठ्ठ्याखाली गेलीय," ते चौकटीच्या आतल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले.

चौकट सुमनबाईंच्या वडलांनी स्वतः करून घेतलेली. फोटो काचेला चिकटला असेल तर उघडताना चेहराच निघून यायचा, आणि दुसरी प्रत कुठंही नव्हती. दाजींनी हे सगळं सुमनबाईंना सांगितलं. वर हेही सांगितलं की आत दोन पट्ट्या निघाल्या तर वडलांची गोष्ट या विमानाची नाही, हे कबूल करावं लागेल. सुमनबाईंनी पदरानं काच पुसली, वडलांकडं पाहिलं... "उघडा," त्या म्हणाल्या. "लोकांनी खोटं ठरवलेलंच हाय. अजून काय व्हायचंय?"

त्या सकाळी मी तिथं होते. दाजींनी मागचे खिळे एकेक करून काढले. फोटो एका कोपऱ्यात चिकटलाच होता. दाजींचा हात थांबला तेव्हा सुमनबाईच पुढं झाल्या. जखमेवरची पट्टी सोडवावी तशी त्यांनी ती कडा ओलसर कापसानं हळूहळू सोडवली. आभाळाचा एक तुकडा काचेवर राहिला, बाकी फोटो अख्खा हातात आला. पुठ्ठ्याखालचा भाग उन्हापासून वाचलेला, चांगला गडद होता. विमानाची शेपटी पुरती दिसत होती. दाजींनी भिंग आधी स्वतः धरलं नाही, सुमनबाईंच्या हातात दिलं.

"किती पट्ट्या?"

"तीन," त्या म्हणाल्या. "मधली पांढरी."

"मग चक्रच," दाजी म्हणाले. "तुमचे वडील खरं सांगत होते."

सुमनबाई खुर्चीवर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. अक्कानं न विचारता शिरा करायला घेतला.

त्या विमानावर दाजींनी महिनाभर काम केलं. शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर चोवीस आरे हातानं काढायचे, म्हणजे कितीदा पुसावे लागले असतील! विमान न्यायला सुमनबाई एकट्या आल्या नाहीत, हसणाऱ्या भावांपैकी एकाला, थकलेल्या धाकट्याला, सोबत घेऊन आल्या. त्यानं विमान दोन्ही हातांवर घेतलं, चक्र डोळ्यांजवळ नेलं आणि एवढंच म्हणाला, "बाबांचा हात लई बारीक चालायचा." दाजी नंतर बरेच दिवस खुशीत होते. त्यानंतरही त्यांनी पुष्कळ विमानं केली, पण त्या एका वाक्याची सर कुठल्याच कौतुकाला आली नाही, असं म्हणायचे.

मागच्या आठवड्यात अक्काकडे गेले होते. ऊन रणरणत होतं, आणि ती दाजींच्या खोलीत पंखा बंद करून बसली होती. कपाळावर घाम, हातात चहाचा कप. मी बटणाकडं हात नेला तर म्हणाली, "राहू दे गं. रंग ओला असला की पंख्यानं धूळ बसती म्हणायचे." टेबलावर अखेरचं विमान होतं, त्याच्या शेपटीवरचा रंग केव्हाच वाळून गेला होता. ते तिलाही दिसत होतं. तिनं माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघी तिथंच घाम पुसत, पंख्याविना, निवांत चहा प्यायलो.