कोब्याची खोली

कितीही मोठी जमीन भरली तरी नक्षी पुन्हा येऊ नये, अशी फरशी कोणत्या आकाराची? गणिताच्या प्राध्यापकांनी या एका प्रश्नात हयात घातली. थोरला भाऊ गुडघे टेकून खऱ्या फरश्या बसवायचा. त्याच्याच कमाईवर ते शिकले.

"इतक्या वर्षांत एक खोली भरली नाही तुझी!" तो चिडवायचा.

"दादा, माझ्या खोलीला भिंतीच नाहीत."

"मग मजुरी कोण देणार? आकार सापडू दे, तुझी बाहेरची खोली मीच भरीन."

म्हणून ती खोली कोब्याचीच राहिली.

यंदा आकार सापडला. दादा मात्र मागच्याच वर्षी गेला. सुनेनं दुसरा कारागीर बोलावला.

प्राध्यापक कोब्यावरून हात फिरवत म्हणाले, "राहू द्या. हे काम दादानं घेतलंय."