शनिवारची ओहोटी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात संकष्टीचा उपास असला तर विचारूच नका. पोटात सकाळपासून एक कप चहा आणि समोर चौथीची एकवीस पोरं! त्या दिवशी मी जे बोलले ते उपाशीपोटी बोलले, असं नंतर बरेच दिवस मी स्वतःलाच सांगत होते. पण ते काही खरं नाही.

आमची शाळा आगरदांड्याच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका गावात. मी मूळची घाटावरची, नऊ वर्षांपूर्वी बदलीनं इथं आले. शनिवारी सकाळची शाळा, साडेसात ते अकरा. त्या दिवशी दप्तर आणायचं नाही, नुसते उपक्रम करायचे. कधी मातीकाम, कधी पानांचे ठसे, कधी ओरिगामी. त्यातला मुलांचा लाडका उपक्रम म्हणजे ‘आज बाई मी’. प्रार्थना झाली की लगेच अर्धा तास एका मुलानं बाईंच्या खुर्चीत बसायचं आणि आपल्याला येणारं काहीही वर्गाला शिकवायचं. मी खाली सतरंजीवर बसायची. एकानं नारळ सोलायला शिकवला, एकीनं अबोलीचा गजरा. मी एकदा मुद्दाम मस्ती केली तर त्या दिवशीच्या ‘बाईं’नी मला अंगठे धरायला लावले.

वर्गात एक मुलगी होती. हिशोबाला तल्लख, बोलायला कमी. आई मासळीबाजारात बसायची, वडील मोठ्या बोटीवर खलाशी, त्यामुळे घरात बहुतेक वेळा आई, आजी आणि ही. बाकीचे पाच दिवस ती वेळेवर. शनिवार आला की मात्र हिचं गणित निराळंच. एक शनिवार हजर, पुढचा गायब. तिची ‘बाई’ व्हायची पाळी दोनदा आली आणि दोनदा हुकली. विचारलं तर मान खाली. मी म्हटलं, लाडावलेली दिसते, उपक्रमाचा दिवस म्हणजे सुट्टीच वाटते हिला.

तिसऱ्यांदा तिची पाळी आली तेव्हा नेमकी संकष्टी होती. आम्ही साडेसातपासून वाट बघितली. शेवटी दुसऱ्याला खुर्चीत बसवलं. सव्वादहाला ही धावत दारात. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला, धाप लागलेली. सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हटलं, “शनिवार फुकटचा वाटतो का तुला? मनाला येईल तेव्हाच यायचं असेल तर येऊच नकोस.”

ती आत आलीच नाही. दारातूनच मागं फिरली. सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही. आठवडा गेला. पहिले दोन-तीन दिवस मी ताठ्यातच होते. मग हजेरी घेताना तिच्या नावाशी आले की माझा आवाज आपोआप खाली जायला लागला. चौथीतून सुटलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे मला इथल्या दोन-तीन घरांवरून चांगलं ठाऊक होतं. आणि या वेळी तिला हाकललं होतं मी.

अकराव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. ओट्यावर आजी जाळं सांधत बसली होती. मायलेकी खडकावर गेल्यात, कालवं काढायला, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, आत्ता, संध्याकाळी? आजीनं माझ्याकडे बघितलं, एखाद्या बालवाडीतल्या पोराकडे बघावं तसं.

मग तिनं मला बसवून घेऊन समजावलं. कालवांचे शिंपले चिकटलेले खडक रोज उघडे पडत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे चार-पाच दिवस पाणी खूप मागं जातं, तेवढ्यातच काय ते काम. तिथीची पाऊणपट करायची, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती, आणि तिच्या सहा तास आधी अन् नंतर ओहोटी. आज अवस, म्हणजे भरती बाराला, म्हणून ओहोटी सहाला. द्वितीयेला सकाळी साडेसात. चतुर्थीला नऊ. इतर दिवशी शाळा साडेदहाची, पोर आईला हात देऊन सहज पोचते. शनिवार तेवढा आड येतो. आई कालवं फोडते, आतला गर ही अलगद काढते. लहान हातांनी तो तुटत नाही.

बोलता बोलता त्या दोघी आल्या. मला बघताच पोरगी घराच्या मागं पळाली. आईनं डोक्यावरची टोपली उतरवली आणि शांतपणे म्हणाली, “बाई, ती न्हाय यायची आता. पोरांना तोंड कसं दावू म्हनते.”

घरी आले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि हजेरीपुस्तक शेजारी ठेवून बसले. तिचा एकेक चुकलेला शनिवार तिथीशी ताडून पाहिला. प्रतिपदा, तृतीया, द्वितीया, चतुर्थी. एकही शनिवार त्याबाहेरचा नाही. त्या कॅलेंडरात तिथी मी रोज बघत होते, पण कशासाठी, तर साबुदाणा कधी भिजवायचा ते कळावं म्हणून! अशी लाज वाटली म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपाशी विषय काढला. ते आधी कुरकुरले. शाळा काय भरती-ओहोटी बघून भरवायची का, म्हणाले. शेवटी ‘आज बाई मी’ दहा वाजता, शेवटच्या तासाला घ्यायला हो म्हणाले. तसा निरोप मी तिच्या आईकडे धाडला. आणि हेही कळवलं, की मला वर्गासमोर तिच्याशी बोलायचं आहे.

शनिवारी तृतीया होती. खुर्ची रिकामी ठेवून आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. दहा वाजले. दहा वाजून दहा मिनिटं झाली. पोरं चुळबुळायला लागली, आणि मी दाराकडे बघायचं टाळत होते. मग ती आली. केस विंचरलेले, पाय मात्र चिखलाचे. उंबऱ्याबाहेरच थांबली.

मी उठले. वर्गासमोर बोलले होते, तर वर्गासमोरच मागं घ्यायला हवं होतं. “माझं चुकलं,” मी म्हटलं. “तू कुठं असतेस, हे न विचारताच मी बोलले. आत ये.”

ती आत आली, खुर्चीत बसली आणि बोटांच्या पेरांवर तिथी मोजून पाणी कधी चढतं ते शिकवायला लागली. तिची मान वर होती. पण गंमत अशी, की अर्ध्या वर्गाला ते आधीच येत होतं. पोरं पटापट उत्तरं देत होती. चुकत होते ती एकटी मी. अष्टमीची भरती मी सहाऐवजी आठ वाजता सांगितली तेव्हा मागची दोघं खुदकन हसली.

तिनं त्यांना गप्प केलं. म्हणाली, “हसू नका रे. बाई घाटावरच्या हायेत. त्यांना कुनी सांगितलंच न्हाय.”

तिनं मला किती सहज माफ करून टाकलं होतं! मला मात्र वर मान करून तिच्याकडे बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं, पण नऊ वर्षांत मीही कुणाला विचारलं नव्हतं.