मामांचा जलप्रवास

सर्व सुज्ञ वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, समुद्राचं तोंडही न पाहता समुद्राशी तीन वर्षं झुंज देणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा. राहायला कासारवाडीत, नोकरीला पिंपरीच्या नव्या कारखान्यात आणि डोक्याने कायम अरबी समुद्रात. बेत एवढाच की मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत बसायचं आणि जयगडला उतरायचं. कोकणातली माणसं हा प्रवास मांडीवर करंडी घेऊन पेंगत पेंगत करतात. मामांना मात्र त्यासाठी वेगळी वही घालावी लागली.

जयगड मामींचं माहेर. लग्न होऊन त्या घाटावर आल्या त्याला अठरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिकडे आई थकत चालली होती आणि दर दिवाळीनंतर तिचं कार्ड यायचं, 'डोळ्यांना दिसतंय तोवर येऊन जा.' मामी ते कार्ड देवापुढे ठेवायच्या आणि मामा ताबडतोब वही उघडायचे. मोटारीने जा, असं कुणी सुचवलं की ते उखडत. "अठरा वर्षांनी माहेरी न्यायचं आणि तेही धूळ खात? हौसेनं नेणार, बोटीनं नेणार!" वहीतला बेत पुरा होईपर्यंत मे महिना संपे, पावसाळ्यासाठी बोटी बंद होत, आणि मामा कपाळावर हात मारून म्हणत, "थोडक्यात हुकलं हो!"

पहिल्या वर्षी त्यांना कुणीसं सांगितलं की डेकवर ज्याची वळकटी जिथे पसरेल तेवढीच त्याची जागा. झालं! मामांनी अंगणात गेरूने एक लांबट चौकोन आखला आणि आठ दिवस नवराबायकोचं जेवणखाण, झोपणं त्या चौकोनात सुरू झालं. मी रविवारी सहज गेलो आणि रेघ ओलांडली, तर मामा किंचाळले, "जावईबापू, पाण्यात पाय दिलात तुम्ही!" मला परत फाटकाशी जाऊन, चपला हातात घेऊन, रीतसर बोटीत चढावं लागलं. मामी चौकोनातच भाकरी थापत होत्या. त्यांनी मला चुलीकडची कड बसायला दिली, एवढंच.

दुसरं वर्ष बोट लागण्याचं. त्यावर उपाय म्हणून मामा झोपाळ्यावर बसून पेज प्यायचा सराव करू लागले. झोके द्यायचं काम जावयाकडे. "लाट द्या जावईबापू! ही कसली, ही तर ओढ्याची लाट! मोठी द्या!" मी दिली. ती पेज माझ्या नव्या कोटावरून धुवून काढायला दोन बादल्या पाणी लागलं आणि मामांनी वहीत नोंद केली, 'जयगडपर्यंत पोटात काही नको.' या माणसाच्या हातून मामींना माहेर दिसणार नाही, अशी त्या दिवशी माझी खात्रीच पटली.

तिसऱ्या वर्षी मामा म्हणाले, आता प्रत्यक्ष पाण्यावर जायचं. कारखान्यात त्यांच्याबरोबर निघोज्याचा एक शेतकरी गडी होता. तो म्हणाला, "नाव न्हाई भाऊ, पर काहील हाय. गुऱ्हाळ आटपलं, आता आमी तिच्यातच बसून नदी वलांडतो." उसाचा रस आटवून गूळ करायची ती भलीमोठी पसरट कढई इंद्रायणीत सोडली. मामा मधोमध मांडी घालून बसले, शेजारी मामी, कडेला वल्हं घेऊन तो गडी, आणि काठावर साक्षीदार म्हणून मी. काहिलीने जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या. मामांनी डोळे घट्ट मिटले आणि असतील नसतील तेवढ्या देवांना हाका मारल्या.

"हालू नका राव!" गडी ओरडला. "गूळ ढवळताय व्हय?"

तेव्हा मामींनी पदर खोचला, गड्याच्या हातातलं वल्हं घेतलं आणि वल्ह्याच्या चार हातांत ती बेताल कढई सरळ केली. पलीकडच्या काठाला लावली, परत आणली, पुन्हा नेली. आणि त्या हसत होत्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्याने, माझ्यापर्यंत ऐकू येईल असं. मामांनी डोळे उघडले आणि ते नदीकडे नाही, मामींकडे बघत राहिले. परतताना ते आमच्या चार पावलं मागून चालत होते. मला वाटलं, फजिती झाली म्हणून.

त्या दिवाळीनंतरचं कार्ड मामींच्या भावाने लिहिलं होतं. आई अंथरुणावरून उठत नव्हती. मामांनी वही उघडली नाही. बोटीची दोन तिकिटं काढली आणि पोचवायला मला बरोबर घेतलं.

धक्क्यावर बोट लागली होती. मामांनी वळकटी हमालाच्या डोक्यावर दिली, बोटीवर चढायच्या फळीपर्यंत आले आणि थांबले. "मला रजा नाही मिळाली गं. तू पुढे हो." हे मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मामींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मागची माणसं ढकलत होती. त्या चढून गेल्या.

भोंगा झाला. बोट आणि धक्का यांच्यामधलं पाणी रुंदावत चाललं. मामी कठड्याशी उभ्या होत्या. वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला, तो त्यांनी सावरला नाही. आम्ही कासारवाडीत कधी पाहिल्या नव्हत्या, फक्त त्या काहिलीत पाहिल्या होत्या, अशा त्या दिसत होत्या. मामा शेजारी उभे आहेत असं समजून मी काहीतरी थट्टेचं बोललो, तर ते शेजारी नव्हतेच. हमालांना, टोपल्यांना ढकलत ते धक्क्याच्या अगदी कडेला धावले होते, आणि त्या सगळ्या गर्दीत, पोटातून ओरडले, "अगं, परत येशील ना?"