मऊ गाडी, कडक गाडी

माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं कोल्हापुरात गॅरेज आहे. मी दूध संघात हिशेबाचं काम करतो. आम्ही दोघांनी एकाच महिन्यात रानावनात चालवायच्या जुन्या ऑफरोड मोटरसायकली घेतल्या. गगनबावड्याच्या वाटेवर त्याच्या मामांचं खाजगी रान आहे. रविवारी तिथं जायचो. रानातली वाट जेमतेम हँडलच्या रुंदीची. दोन्ही बाजूंनी झाडं, खाली मुळांचं जाळं, आणि दर थोड्या अंतरावर वळण.

दोन्ही गाड्यांचं सगळं तोच बघायचा. माझ्या गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, त्यानं चांगलं आवळून दिलं, टायरमध्ये हवाही ठासून भरली. "रानात गाडी कडकच लागती. मऊ ठिवलीस तर मुळावर आपटशील," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्याच्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

माझं पुढचं चाक मुळांवरून टणाटणा उडायचं आणि ऐन वळणात घसरायचं. तो मात्र सळसळत पुढं निघून जायचा आणि टोकाला थांबून हसायचा, "हात हलका ठेव की रं! तुला जमंना झालंय." मलाही तसंच वाटायला लागलं. पावसाळ्यानंतर एका वळणावर मी झाडावर आदळलो आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तो रोज घरी यायचा. एकदा डबाभर तांबडा रस्सा घेऊन आला, मला उशीला टेकवून बसवलं आणि वाटी हातात देत म्हणाला, "बरा झालास की गाडीचा मागचा शॉकअब्सॉर्बर आनखी थोडा आवळूया."

बरा झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी माझी गाडी पंक्चर झाली. मामांचा फोन आला म्हणून तो त्यांच्या घराकडं गेला, आणि मी सहज त्याची गाडी घेऊन वाटेला लागलो.

पहिल्याच वळणात मी चमकलो. चाक मुळावर चढलं, दबलं आणि जमिनीला चिकटूनच पुढं गेलं. हँडल जरा वळवलं की गाडी झाडांमधून अलगद निघत होती. परत येऊन मी पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबला. गादीसारखा खाली गेला. टायरही अंगठ्यानं दबत होता.

तो आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"तुजी गाडी मऊ हाय," मी म्हणालो.

त्यानं हसण्यावारी न्यायला बघितलं. "माजं वजन जास्त हाय म्हणून..."

"वजन जास्त असलं तर आनखी कडक पायजे. माझी का आवळलीस?"

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तू लई लवकर शिकत हुतास. गॅरेजात येणारी समदी पोरं मला इचारत्यात, गाडी कशी चालवायची म्हणून. तू म्होरं गेल्यावर मला कोण इचारणार?"

"माझं हाड मोडलं."

"ते मला वाटलं न्हवतं रं."

त्या दिवशी मी पंक्चर गाडी ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आलो. तो मागून हाका मारत होता. मी थांबलो नाही.

पुढं मी स्वतःच शिकलो. स्प्रिंग सैल केली, हवा कमी केली, हँडल जरा पुढं घेतलं, आणि दर वेळी एकच बदल करून तेच वळण पुन्हा घेऊन बघितलं. आता गाडी छान वळते. जायला दुसरं रान शोधलंय.

रविवारी बूट घालताना बायको विचारते, "एकटेच निघालाय? ते न्हाय येत व्हय?"

"गॅरेजात काम हाय त्याला," मी सांगतो.