मास्तरांच्या हातावरची चढण

शिवणकामाच्या मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा वेळेवर दिला नाही, म्हणून त्यांनी दुकानात माशांची टाकी ठेवली. खोळंबलेलं गिऱ्हाईक मासे बघत बसतं आणि भांडायचं विसरतं. दर रविवारी मास्तर कोपरापर्यंत हात बुडवून टाकी धूत. सुया टोचलेल्या बोटांना तेवढाच गारवा.

एकदा उजव्या अंगठ्यावर लालसर गाठ आली. मग मनगटावर दुसरी, तिच्या वरच्या बाजूला तिसरी. शर्टाला बटणं लावावीत तशी रांगेत. मास्तर रोज टेपनं अंतर मोजत. अंगठा वळेना, कात्री चालेना, आणि घर तर कात्रीवरच चालत होतं.

"सुई लागली असेल," बायको म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं लागतेय. अशी वर कधी चढली नाही."

पहिल्या डॉक्टरांनी पू समजून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी संधिवात ठरवला. तिसऱ्यांनी हात उंच धरायला सांगितलं, तर गिऱ्हाइकांना वाटलं, मास्तर शपथ घेताहेत. गाठी कोपराकडे निघाल्याच होत्या.

चौथ्या होत्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, "घरी, दुकानात काही प्राणी?"

"छे! साधं मांजरही नाही."

मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी मासे म्हणजे दुकानातलं सामान, खुर्चीसारखं.

"अहो, आणि मासे?" बायको म्हणाली.

"मासे कुठं चावतात?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला, काही आठवड्यांनी उत्तर आलं: टाकीच्या पाण्यातला जंतू, सुईच्या भोकातून शिरलेला. चार महिने गोळ्या. टाकीत हात घालायचा नाही.

"कुठल्या माशाचं काम हे?"

"माशाचं नाही, पाण्याचं. माशांनाही होतो हा आजार."

आता माशांवर रागवावं की त्यांची विचारपूस करावी, हे मास्तरांना शेवटपर्यंत उमजलं नाही. टाकी बायको धुऊ लागली, लांब रबरी हातमोजे घालून.

चौथ्या महिन्यात अंगठा वळला. मास्तरांनी घाबरत घाबरत कात्री चालवली, रेघ सरळ उतरली. त्या आनंदात एक कोट चक्क ठरल्या दिवशी तयार झाला.

गिऱ्हाईक फिरकलंच नाही. मास्तर वेळेवर देतील, हे त्याला कोण सांगणार? कोट मांडीवर घेऊन मास्तर टाकीसमोर वाट बघत बसले, हात खिशात.